अण्णांचा खांदा आणि माझा हातोडा

पुण्यात मी झाडं वाचवण्याची पत्रकं लिहायचे. एका पानात शत्रू, मागणी आणि तारीख बसली पाहिजे, ही आमची शिस्त. सिंगापूरला मला नोकरी मिळाली ती झाडं पाडणाऱ्या ठेकेदाराकडे, सेफ्टी ऑफिसर म्हणून. हसा खुशाल, आईसुद्धा हसली होती. एम्प्लॉयमेंट पास त्या एकाच कंपनीच्या नावावर होता. नोकरी सोडली की गाशा गुंडाळायचा. क्वीन्सटाउनच्या भाड्याच्या खोलीत मी स्वतःची समजूत घालायचे, झाडं नाही तर माणसं तरी वाचवू.

आमच्या टोळीतले झाड कापणारे गृहस्थ तामिळनाडूचे, पंचेचाळिशीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते मला अक्का म्हणायचे, म्हणजे ताई, जरी मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते. एकदा डब्याच्या वेळी मी पाहिलं, अण्णांचा उजवा हात पाण्याच्या बाटलीपर्यंत वर जात नव्हता. डाव्या हाताने ते उजवा उचलत होते.

माझं डोकं फिरलं. मोठं झाड पाडताना करवतीच्या कापात प्लास्टिकच्या पाचरी ठोकतात, म्हणजे झाड मागे न बसता पुढे कलतं. त्या ठोकायला आमच्याकडे लांब दांड्याचा चार किलोचा घण होता. मला गुन्हेगार सापडला. त्याच दिवशी मी एक पान लिहिलं, हिंदीत आणि इंग्रजीत, वर मोठ्या अक्षरांत: माणसाचा खांदा घणापेक्षा महाग आहे. घण बंद. त्याच्या जागी किलोभराचा हातोडा. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकणंही बंद, कारण पातं स्वतःकडे येतं.

आमचे साइट मॅनेजर चिंचवडचे, वीस वर्षांपासून इथे. 'सर' म्हटलं की चिडायचे, म्हणून मी काका म्हणायचे. पत्रक वाचून ते म्हणाले, "पत्रकबाई, आयुष्यात एक तरी पाचर ठोकलीय का गं?"

"खांदा दुखतो हे दिसायला पाचर ठोकावी लागत नाही, काका."

"कामात मारलीस की आता."

मराठीत कामात पाचर मारणं म्हणजे खोडा घालणं. हे वाक्य मी पुण्यात अधिकाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मला ती शाबासकीच वाटली. माझ्या सहीशिवाय कुठलंही अवजार साइटवर जात नसे. मी घण शहराच्या दुसऱ्या टोकाला, चांगीच्या गोदामात पाठवून कुलूप लावलं. अण्णांना काय हवं, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

दोन आठवड्यांनी क्वीन्सटाउनमध्येच एक जुना अंगसाना पाडायचा होता. आपल्या बिबळ्याच्या जातीचं झाड, आतून पोकळ झालेलं, बुंध्याला फळ्यांसारखी मुळं. फांद्या आधीच उतरवल्या होत्या. पुढे मोकळं गवत आणि मागे इमारतीकडे जाणारा छप्पर घातलेला रस्ता. झाड गवतावर पडायला हवं होतं. रस्ता आम्ही बंद केला होता, पण इमारतीतल्या आज्या गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या.

अण्णांनी पुढची खाच घेतली, मागून काप सुरू केला, दोन पाचरी सरकवल्या. तेवढ्यात वारा आला. मोठा नव्हता, ओढणी हलेल इतकाच. झाड मागे बसलं. करवत कापात अडकली आणि तिचा आवाज बंद पडला.

अण्णांनी हातोडा घेतला. टक. पाचर तसूभरही हलली नाही. टक. हातोडा उसळून मागे आला. मी धोक्याच्या फितीबाहेर उभी राहून घाव मोजत होते. दहा, वीस, पस्तीस. प्रत्येक घाव अण्णा जीव खाऊन घालत होते, कारण हलक्या हातोड्यात जीव नव्हताच, तो त्यांना दंडातून घालावा लागत होता. तेही त्याच उजव्या हाताने. एका पाचरीच्या चिरफळ्या उडायला लागल्या.

दोराने एक बाजू ओढून धरली होती, पण झाड पुढे न्यायला तेवढं पुरत नव्हतं. अर्धं कापलेलं झाड तसं टाकून बाजूला होता येत नाही. ते कुठेही जाऊ शकतं. अण्णा बुंध्याशी अडकले होते, करवत झाडात, आणि मी माझ्या पानात.

काका माझ्याशेजारी आले. आवाज अजिबात चढवला नाही. "घण?"

"चांगीला. कुलुपात."

"म्हणजे जाऊन-येऊन दोन तास." त्यांनी ट्रककडे बोट केलं. "ओंडके फोडायची कुऱ्हाड आहे. तीन किलोची. पाठ सपाट आहे तिची. पण तुझ्या पत्रकात ती बंद आहे. बोल."

मी पुन्हा घाव मोजायला लागले. अण्णांनी आणखी सात घातले. मला वाटत होतं, हो म्हटलं तर पान खोटं ठरेल. पातं त्यांच्या कपाळात गेलं तर? आणि खरं सांगायचं तर, पास गेला तर? मग अण्णांनी हातोडा डाव्या हातात घेतला आणि एक घाव चुकून मुळावर बसला.

"वापरा," मी म्हणाले.

अण्णा येऊन कुऱ्हाड घेऊन गेले. दांडा आखूड होता, जेमतेम हातभर. त्यांनी जोर लावला नाही, कुऱ्हाड नुसती खांद्याखालून झुलवली आणि सोडली. धप्. पाचर बोटभर आत गेली. पुन्हा एकदा. सहाव्या घावाला करवत सैल झाली, नवव्याला झाड कुरकुरलं. अण्णा बाजूला झाले आणि अंगसाना गवतावर आडवा झाला.

ते खाली बसले, उजवा हात मांडीवर ठेवून. मी पाणी नेलं.

"अक्का, वजन अच्छा है," ते म्हणाले. "वजन मारता है, हाथ नहीं मारता. घन का डंडा लंबा था. जड़ में अटकता था, तो कोहनी ऊपर करके मारना पड़ता था. कंधा उससे गया. छोटा डंडा चाहिए था, बस."

"पहले क्यों नहीं बोला?"

"आपने पूछा?"

काका ट्रकच्या पायरीवर फॉर्म घेऊन बसले होते. अपघात थोडक्यात टळला की तो भरावा लागतो. "वारा आला असं लिही. आलाच होता."

मी लिहिलं: हातोडा हलका होता. निवड माझी, कामगाराला न विचारता केलेली. काकांनी वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. खालच्या रकान्यात कामगाराची दुखापत लिहायची होती. त्या वेळी अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"अक्का, कंधा मत लिखो."

"लिखना पड़ेगा. इलाज होगा."

"डॉक्टर लाइट ड्यूटी लिखेगा. लाइट ड्यूटी इधर है नहीं. फिर टिकट." त्यांनी हाताने विमान उडवून दाखवलं. "बेटी का कॉलेज दो साल बाकी है."

मी काकांकडे पाहिलं. ते झाडाकडे पाहत होते. फॉर्ममध्ये कामगाराला स्वतः बोलायला एकही रकाना नाही, हे मला तेव्हा दिसलं. मी एवढी पत्रकं लिहिली, एकातही तो रकाना ठेवला नव्हता. खांदा लिहिला तर अण्णा घरी जाणार. नाही लिहिला तर तोच खांदा उद्या पुन्हा झाडाखाली.

मी त्या रकान्यात रेघ मारली, म्हणजे दुखापत नाही. मग पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूवर, अण्णा सांगतील तसं, घणाची मागणी लिहिली: वजन तीन किलो, दांडा त्यांच्या कोपरापासून मुठीपर्यंत.