लाइन गेली, निंबाभाऊ

कल्पना करा, वैशाखातली दुपार आहे आणि तुम्हाला नऊ मीटरच्या लोखंडी खांबावर चढायचंय. खांब एवढा तापलाय की तळहाताला गोणपाट गुंडाळावं लागतं. कमरेला दोर, खांद्याला पान्ह्या-पकडीची पिशवी. वर तीन तारा आहेत. एरवी त्यांत अकरा हजार व्होल्ट असतात, आत्ता नाहीत, असं तुम्हाला फोनवर सांगितलंय. बघून काही कळत नाही. चालू तार आणि बंद तार दिसायला सारखीच. आता हात घाला.

निंबानं एकवीस वर्षं असा हात घातला.

सावद्याजवळच्या आपल्या गावात तो झिरो वायरमन होता. म्हणजे खांबावरची सगळी कामं त्याची, पण वीज कंपनीच्या एकाही कागदावर त्याचं नाव नाही. कागदावर नाव प्रेमराज लाइनमनचं. प्रेमराजकडे सात गावं. तो सबस्टेशनमधून वीज बंद करून घ्यायचा, निंबाला फोन करायचा, आणि निंबा चढायचा.

गावात लाइन या शब्दाला विसावा नव्हता. रेशनला लाइन, भुसावळकडे जाते ती रेल्वेची लाइन, बागेतली केळीची ओळ लाइन, तिच्या बुडाशी टाकलेली ठिबकची नळी तीही लाइन. सावद्याच्या स्टँडवर पोरं लाइन मारायची. निंबाच्या मुलीनं, भाविकानं, इलेक्ट्रिकल डिप्लोमाला नाव घातलं तेव्हा लोटनआबा पारावरून ओरडले होते, "काय रे निंबा, पोरीलेही तुह्याच लाइनीत घातलं का?" त्या दिवशी निंबा सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेला, भेटेल त्याला सांगत.

पण त्याच्या फोनवर लाइनचा अर्थ एकच होता. "निंबाभाऊ, लाइन गेली." नमस्कार नाही, बरं आहे का नाही. तो जेवत असला तर ताट झाकून उठायचा.

गेल्या वैशाखातही फोन आला. शिवारातली लाइन सकाळपासून बंद, केळी माना टाकायला लागलेली. गावापासून दोन किलोमीटरवर एका खांबावर तारेचा जोड जळाला होता. प्रेमराजनं सबस्टेशनमधून वीज बंद करून घेतली. निंबा चढला आणि नेहमीप्रमाणे आधी साखळी टाकली. ही साखळी तारांवर अडकवून तिचं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं. कोणी चुकून वीज सोडली तरी ती साखळीतून जमिनीत जाते. निंबा साखळी सबस्टेशनच्या बाजूला टाकायचा. वीज तिकडूनच येते, हे गावात कोणीही सांगेल.

वरून त्याला ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. धकधक, एका जागी उभा. कोणी केळीचे घड भरत असेल, असं त्याला वाटलं. त्यानं जळलेल्या जोडाच्या पलीकडच्या तारेला हात घातला, शेतांच्या बाजूच्या.

पुढचं त्याला जळगावच्या दवाखान्यात कळलं. उजवा हात कोपरापासून काढला होता.

महिनाभरानं भाविकानं वहीच्या पाठकोऱ्या पानावर आकृती काढून दाखवली. कोणीतरी लाइनची वाट न पाहता ट्रॅक्टरला जनरेटर लावून मोटर चालवली होती. तसं करताना आपल्या मोटरीची वायर खांबावरून आधी सोडवायची असते. ती सोडवली नव्हती. मग जनरेटरची वीज उलटी डीपीत, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरली. डीपीत अकरा हजारांचे चारशे होतात, तसे उलट्या बाजूनं चारशेचे हजारो होतात. मधला जोड जळून तुटलेला, म्हणून ती वीज साखळीपर्यंत पोचलीच नाही.

"बाबा, दोन्ही बाजूंनी साखळी पाहिजे होती," ती म्हणाली.

"एकच होती माह्याजवळ," निंबा म्हणाला.

चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की लाइन बंद असताना अनधिकृत इसम विनापरवाना खांबावर चढला. निंबानं चौकशीच्या साहेबांना एवढंच विचारलं, "लाइन बंद होती तर मी भाजलो कशानं?" साहेब म्हणाले, जनरेटर चालू होता असं सांगणारा एक माणूस आणा. प्रेमराज खाली मान घालून उभा होता.

त्या डीपीवर जनरेटरवाले तिघंच. लोटनआबा, रुपचंद आणि हितेंद्र. हितेंद्रनंच त्याला दोर लावून खाली उतरवलं होतं. रुपचंदच्या जीपमधून त्याला नेलं. लोटनआबा तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होते. तिघंही अजून घरी येतात, केळीच्या फण्या ठेवतात. परवा रुपचंद हसत म्हणाला, "आता डाव्या हातानं बिडी पेटव्याले शिक भो." निंबाही हसला. मग त्यानं त्या दुपारचा विषय काढला, तर रुपचंदला एकदम बागेत पाणी सोडल्याचं आठवलं.

"कायले उकरून काढता?" त्याची बायको पुष्पाबाई त्याची रिकामी बाही पिन लावून दुमडत म्हणाली. "नाव कळ्ळं तर हात फुटनार हाये का? याच गावात राह्यचं आपल्याले."

"मले कोनाचं वाईट नाही करायचं," निंबा म्हणाला. "माही चूक नव्हती, एवढं एकानं म्हनावं."

काल सकाळी तो ओट्यावर बसला होता. फोन वाजला. सवयीनं उजवा खांदा पुढे झाला, मग डाव्या हातानं त्यानं फोन उचलला. हितेंद्र होता.

"निंबाभाऊ, लाइन गेली."

बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं. फोनमध्ये त्याच्या मागून निंबाला आवाज ऐकू आला. धकधक, एका जागी उभा.

"प्रेमराजले सांगतो मी," निंबा म्हणाला. "फोन ठेवू नको. मोटरीची वायर सोडवली का रे आधी? आन् त्या दिवशी, हितेंद्र... त्या दिवशी सोडवली होती का?"