समेटाचं मटण

शेजारच्या पोरीचा हात तिच्या नवऱ्यानं मोडला, आणि समेटाचं मटण पोरीच्या आईनं शिजवायचं असं ठरलं. आमच्याकडं बैठक अशीच होते. सासरचे येतात, जेवतात, पोरीची ओटी भरतात आणि तिला गाडीत घालून नेतात. रश्श्याला तिखट कमी पडलं तर मात्र बोलणी फिसकटू शकतात.

त्या रविवारी कोडोलीहून जीपभर पाहुणे आले. नवरा कडक इस्त्रीत. त्याचा चुलता पाय धुऊन बाहेरच्या सोप्यात असा ऐसपैस बसला, जणू त्याचंच लगीन.

"पोरगी कुठं हाय?"

"आत भाकरी करती," मदतीला गेलेली मी म्हणाले.

"बघा! म्हंजे राग गेला की!"

पोरगी आत प्लास्टरमधला उजवा हात गळ्यात बांधून बसली होती. तिला परत जायचं नव्हतं. पण बाप शब्द देऊन बसला होता आणि जीप यायची ठरली होती. म्हणून सकाळीच आम्ही दोघींनी मिळून महिलांच्या निवाऱ्यात फोन केला होता. त्यांची गाडी मागच्या बोळात येणार होती. पोरीच्या आईला काही सांगावं लागलं नाही. तिनं आपणहून मागच्या दाराची कडी काढली.

नाटकात काम करायची माझी हौस कधी कुणी पुरवली नाही. ती त्या दुपारी फिटली. परात ओढली आणि भाकरी थापायला लागले, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मधूनच ओरडायचे, "अगं ए, तवा बघ की! करपली!" तोवर पोरगी गाडीत बसून गेलीसुद्धा.

बाहेर चुलता खूश. "काय थापती! अशी सून घरात पायजेच."

पंगतीतल्या एकालाही सुचलं नाही, की प्लास्टरच्या हातानं भाकरी थापता येत नाही. हात मोडणारा तर आणखी एक गरम मागत होता. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता त्याच्या. माझ्या हातची भाकरी त्या तोंडात जातेय म्हटल्यावर मला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

नळी ओढून झाल्यावर चुलता म्हणाला, "बोलवा पोरीला. ओटी भरूया."

मी पदर खोचून दारात उभी राहिले. "पोरगी गेली. सुखरूप हाय. कुठं, ते इचारू नका. आता पोलिसांत जबाब देणार हाय ती."

नवऱ्याचा घास तोंडातच राहिला. बापानं मान खाली घातली. आणि चुलता लालबुंद होऊन म्हणाला, "अवो, हे जेवायच्या आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं तर जेवला असता?"

त्यानं खरोखर विचार केला. "जेवलो असतो की," म्हणाला, आणि ताटाकडं बघून, "पांढरा रस्सा हाय का अजून?"

तेवढ्यात आतून पोरीची आई आली. इतका वेळ ती बाहेर फिरकलीच नव्हती. तिनं रश्श्याचं पातेलं उचलून कडेवर घेतलं.

"ऱ्हायल्यालं माझ्या लेकीला," ती म्हणाली. "उठा आता."