बुधाजी गमरे यांची सकाळची हजेरी

बुधाजी गमरे यांचा आवाज मी दोन वर्षं रोज ऐकला, माणूस त्यानंतर पाहिला. आवाजावरून मी त्यांना शिवाजी पार्ककडचे निवृत्त प्राध्यापक ठरवून टाकलं होतं. ते निघाले नायगावच्या बीडीडी चाळीतले, परळच्या एका मोठ्या इस्पितळात तेहतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम केलेले. प्राध्यापकच का ठरवलं, हे मला विचारू नका. उत्तर मला ठाऊक आहे आणि ते सांगायची लाज वाटते.

आमची ओळख हॅम रेडिओची. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि हातात मावेल असा वायरलेस सेट विकत आणायचा. हल्ली हे सेट घरातल्या मिक्सरपेक्षा स्वस्त मिळतात. पण एवढ्याशा सेटची ताकद ती किती! मध्ये दोन टॉवर आले की आवाज संपला. म्हणून एका उंच इमारतीच्या गच्चीवर रिपीटर बसवलेला आहे. तो आमचा क्षीण आवाज पकडतो आणि त्याच क्षणी जोरात पुन्हा सगळीकडे सोडतो. त्यामुळे नायगावचा माणूस बोलला की गिरगावपासून माहीमपर्यंत आणि तिकडे रे रोडलाही ऐकू जातं. अट एकच, एका वेळी एकाने बोलायचं. बटण दाबा, बोला, बटण सोडा.

रोज सकाळी साडेसातला बुधाजी हजेरी घेत. आम्ही पंचवीसेक जण, बहुतेक निवृत्त, निम्मे एकटे राहणारे. नाव पुकारलं की आपण आपला परवान्याचा संकेत सांगायचा आणि दोन वाक्यं बोलायची. प्रत्येक नावानंतर बुधाजी मनात तीन आकडे मोजून थांबत. मध्येच कुणाला काही तातडीचं सांगायचं असलं तर त्याला जागा मिळावी, म्हणून. मला त्या थांबण्याचा भयंकर कंटाळा यायचा. तातडीचं कुणाला काही नसायचं. फार तर कुणाचा गुडघा दुखायचा.

दुसरी त्यांची सवय म्हणजे वही. नवीन माणूस आला की ते त्याला फोन करून घरचा पत्ता विचारत आणि वर शेजाऱ्यांचा नंबर मागत. विमा कंपनीत मी एकोणतीस वर्षं काढली, पण इतक्या चौकशा आम्हीही करत नव्हतो, असं मी त्यांना एकदा ऐकवलं. ते हसले आणि माझ्या शेजाऱ्यांचा नंबर पुन्हा विचारला. फोन ठेवताना ‘जय भीम’ म्हणाले. रेडिओवर धर्म आणि राजकारण आणायचं नाही असा नियम आहे, म्हणून तिथे मात्र ते कटाक्षाने ‘शुभ सकाळ’ म्हणत. नियमाचा पक्का माणूस मला आवडतो. मी स्वतः नियमाचा जरा जास्तच पक्का आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आमच्यात चिंतामणराव पाठारे नावाचे एक गृहस्थ होते. माहीमच्या एका जुन्या घरात एकटे राहत. बोलण्याची हौस दांडगी. त्यांच्या सेटला एक खोड होती, बटण सोडलं की तो ‘टूं’ असा आवाज काढायचा. सेट कारखान्यातून तसाच येतो, आपण मेन्यूत जाऊन ते बंद करायचं असतं. रिपीटरवर हे ‘टूं’ वाजवणं म्हणजे लोकांच्या घरात चपला घालून शिरणं, असं आम्हा जुन्या मंडळींचं ठाम मत. मी त्यांना आधी गोडीत सांगितलं, मग चिठ्ठी पाठवली, मग सगळ्यांसमोर सांगितलं. चिंतामणराव ढिम्म. बोलणं संपलं हे समोरच्याला कळायला नको का, असं मलाच विचारायचे.

एका मंगळवारी आमची त्यावरून रेडिओवरच जुंपली. उद्यापासून ‘टूं’ वाजलं तर तुमची हजेरी धरायची नाही, असं मी जाहीर करून टाकलं. हजेरी माझी नव्हती, बुधाजींची होती. बुधाजी पुढच्या नावाकडे वळले.

बुधवारी सकाळी चिंतामणरावांचं नाव आलं. बटण दाबलं गेलं, पण शब्द नाही. चारपाच सेकंद नुसती खरखर, आणि मग ‘टूं’. बुधाजींनी पुन्हा पुकारलं. पुन्हा तेच. कालच्या भांडणाचा सूड घेतायत, हे मला लख्ख दिसलं आणि माझं डोकं फिरलं. बुधाजी तीन आकडे मोजत होते, तेवढ्यात मी बटण दाबून म्हणालो, ‘‘चिंतामणराव, हा पोरखेळ पुरे. बोलायचं नसेल तर सेट बंद करा आणि बाकीच्यांना बोलू द्या.’’ गिरगावच्या एकाने मला दुजोराही दिला. मला फार बरं वाटलं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण तसं वाटलं होतं.

‘‘सगळ्यांनी थांबा,’’ बुधाजी म्हणाले. ‘‘कुणीही बटण दाबायचं नाही.’’ मग त्याच शांत आवाजात, ‘‘चिंतामणराव, मी बुधाजी बोलतोय. माझं ऐकू येत असेल तर एकदा दाबून सोडा.’’

टूं.

‘‘बरं नसेल तर दोनदा दाबा.’’

एक ‘टूं’ आलं. मग इतका वेळ काहीच नाही, की मी सेट कानाला लावला. मग दुसरं आलं.

त्या खरखरीत मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बुधाजींना पाठीमागे वाहता नळ ऐकू आला होता. चिंतामणरावांच्या घरी पाणी सकाळी तासभर येतं. कळशी, पिंप, तांब्या सगळं काठोकाठ भरून ठेवणारा माणूस. तो नळ मोकळा सोडून राग धरून बसणार नाही, आणि रागावला तर गप्प तर मुळीच बसणार नाही. हे बुधाजींनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांनी फक्त पुढची कामं सांगितली, पहिलं मला. ‘‘शरदराव, तुम्ही दादरला, सगळ्यांत जवळ. पत्ता लिहून घ्या, सेट बरोबर घ्या आणि निघा.’’

मी पायजम्यावरच खाली उतरलो आणि टॅक्सी पकडली. तोवर बुधाजींनी मोबाइलवरून अँब्युलन्स बोलावली होती आणि वहीतून शेजारच्या कौसल्याबाईंचा नंबर काढून त्यांना त्यांच्याकडे ठेवलेली चिंतामणरावांच्या घराची किल्ली शोधायला लावलं होतं. माझ्या हातातल्या सेटमधून ते सतत चिंतामणरावांशी बोलत होते. कौसल्याबाई किल्ली शोधतायत. शरदराव टॅक्सीत बसले. झोपू नका. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे, आणि ‘टूं’ यायचं. बाकीच्यांपैकी कुणी एकदाही बटण दाबलं नाही. हे पोलिसांचं आहे काय, असं टॅक्सीवाल्याने विचारलं. मी त्याला नुसती पुढे चल अशी खूण केली.

शितळादेवीच्या देवळापाशी ‘टूं’ आलं नाही. बुधाजींनी तीन आकडे मोजले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आलं नाही. मी त्या टॅक्सीत अक्षरशः हात जोडले. ज्या आवाजासाठी मी माणसाला वर्षभर छळलं, तोच एकदा ऐकू दे म्हणून. तिसऱ्या खेपेला तो आला आणि मला रडू फुटलं.

मी पोचलो तेव्हा कौसल्याबाईंनी दार उघडून नळ बंद केला होता. चिंतामणराव मोरीजवळ पडलेले. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, सेट डाव्या मुठीत. पाठोपाठ अँब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हात-पाय बरेचसे सुधारतील, वाचेचं मात्र सांगता येत नाही. त्यांना कळतं सगळं, ऐकूही सगळं येतं.

ते शेवटचं वाक्य मला चार दिवस खात होतं. ऐकू सगळं येतं म्हणजे माझं वाक्यही त्यांनी ऐकलं होतं. मोरीजवळ पडल्या पडल्या, मदत मागत असताना.

पाचव्या दिवशी बुधाजी इस्पितळात भेटायला आले. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. रोज यायचो, कौसल्याबाईंना हवं-नको विचारायचो आणि चिंतामणराव झोपले असतील तेवढंच आत डोकावायचो. बुधाजींना मी सगळं कबूल केलं आणि विनवलं, की माझ्या वतीने तुम्हीच त्यांना काय ते सांगा, तुमचं ते ऐकतील.

बुधाजी माझ्या शेजारी बसले. परळच्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर दिवसभर मुके फोन यायचे, असं त्यांनी सांगितलं. समोरून कुणी बोलायचंच नाही. बाकीचे ऑपरेटर शिवी घालून ठेवून द्यायचे.

‘‘मीपण एक ठेवला होता,’’ ते म्हणाले. ‘‘नोकरीच्या पहिल्याच वर्षी. ठेवता ठेवता पलीकडे कुणीतरी कण्हल्यासारखं ऐकू आलं, पण तोवर लाइन कट झाली होती. कोण होतं, कुठून फोन केला होता, मला आजपर्यंत कळलेलं नाही. चाळीस वर्षं झाली, शरदराव. मला माफी मागायची तर कुणाच्या दारात जाऊ? तुमचा माणूस आत आहे. उठा.’’

मी उठलो. चिंतामणराव जागे होते. मी खाटेपाशी उभा राहिलो, पण तोंडून शब्द फुटेना. बराच वेळ फुटेना. आणि तेवढा वेळ ते माझ्याकडे बघत थांबले.