खिळ्यावरच्या बांगड्या

महादेवीअक्का गेल्याचं मला कुणी कळवायला लागलं नाही. मी बाजूलाच होते. बसवकल्याणच्या आमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या मोठ्या सिस्टर. सकाळची ड्युटी, नळ चालू, कोपरापर्यंत साबणाचा फेस... "जरा बसते गं," म्हणाल्या आणि बसल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं. आता सव्वा महिना झाला.

घरी नेल्यावर बायका कुजबुजायला लागल्या. नवरा धडधाकट आणि हिचे हात मोकळे कसे? जावेनं घाईघाईनं नव्या बांगड्या भरल्या. मला संताप आला, रडूही आलं. ते हात मोकळे का, हे मला माहीत होतं. ती सुरुवात माझ्यापासूनच झाली होती.

माझं लग्न नुकतंच झालेलं. हिरवा चुडा वर्षभर उतरवायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं. मी चुड्यावरूनच हातमोजे ओढायची. एकदा सिझेरियन झालेल्या बाईचं ड्रेसिंग करताना काचेनं मोज्याला चीर पडली. मला दिसली. पण नोकरी नवी, डॉक्टर समोर उभे... मी गुमान काम उरकलं. तिसऱ्या दिवशी टाक्यांत पू झाला. बाई तापानं फणफणली, लेकराला पाजायलाही घेता येईना.

अक्कांनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं.

"मोजा फाटला व्हता?"

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी माझं मनगट धरून चुडा उजेडाकडं केला. मग मीच सगळं सांगून टाकलं.

"कामून गप बसलीस? फाटला म्हणली असतीस तर दुसरा दिला असता. मोजे काय कमी हायत का आपल्याकडं?"

मला घेऊन त्या बाईच्या खाटेपाशी गेल्या. "चूक आमची हाय," म्हणाल्या. हिची नाही, आमची. एवढ्या एका शब्दानं त्यांनी मला कायमचं बांधून घेतलं. बाई बरी होऊन घरी जाईपर्यंत तिचं ड्रेसिंग मीच केलं, अक्का शेजारी उभ्या असताना.

त्याच आठवड्यात त्यांनी बेसिनशेजारी एक खिळा ठोकून घेतला. सगळ्यांच्या देखत स्वतःच्या बांगड्या उतरवून त्यावर अडकवल्या.

"अक्का, अप्पा हायत की अजून..." मी चाचरत म्हणाले. अप्पा म्हणजे त्यांचे यजमान.

"त्यांलाच इचारून आले. म्हणले, माझं आयुष्य बांगड्यांवरच असंल तर घरी आल्यावर घाल."

तरी आम्ही बायकांनी महिनाभर ऐकलं नाही. अक्का कुणाला बोलल्या नाहीत. बेसिनपाशी उभ्या राहायच्या आणि तळहात पुढं करायच्या, बस. डॉक्टरांपुढंही केला. त्यांनी निमूट घड्याळ काढून दिलं. मग वॉर्डबॉयच्या मनगटावरचा पिराचा दोरा आला. शेवटी माझा चुडा. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात ऑपरेशनच्या टेबलापाशी माझा मोजा फाटला. "मोजा फाटला," मी मोठ्यानं सांगितलं, आणि सवयीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

परवा अप्पा अक्कांचं सामान न्यायला आले. चष्मा, डबा, चपला दिल्या. त्या दिवशीच्या गडबडीत बांगड्या खिळ्यावरच राहिल्या होत्या. त्या काढायला मी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे, माय," अप्पा म्हणाले. "ड्युटीवर हाय ती."

ते गेले. मी माझ्या बांगड्या उतरवून अक्कांच्या बांगड्यांशेजारी अडकवल्या आणि नळ सोडला.