एंगेज म्हणजे घरात माणूस आहे

"आयकू द्या," असं म्हणून तो डावा हात वर करायचा आणि आमची अख्खी खोली गप्प व्हायची. उजव्या हातात रिसीव्हर, डोळे मिटलेले, मान जराशी तिरकी. वर गेलेला हात खाली येईपर्यंत कुणी खुर्चीसुद्धा सरकवायची नाही. आमच्या मॅनेजर मॅडमही तेवढा वेळ दारात थांबायच्या. मग हात खाली यायचा आणि तो म्हणायचा, "चालते." किंवा, "नाही चालत." त्यावर अपील नसे.

तोआ पायोह नावाच्या वस्तीतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. सरकारनं टेलिफोनचा बाजार सगळ्यांना खुला केल्यावर समुद्रापलीकडच्या या एवढ्याशा बेटाएवढ्या देशात अशा कितीतरी कंपन्या उगवल्या होत्या. आम्ही परदेशी फोन करायची कार्डं विकायचो. कार्ड घेणारा इथून नंबर फिरवायचा आणि त्याचा आवाज कुणाकुणाच्या तारांमधून, मधल्या दोनतीन देशांतून भारतात पोचायचा. या वाटेला आम्ही रूट म्हणायचो. रोज नवे रूट यायचे आणि जुने बिघडायचे. ते तपासायला यंत्र होतं, पण मॅडमचा यंत्रापेक्षा त्याच्या कानावर विश्वास. तो ऐकायचा, आणि शेजारच्या खुर्चीवर बसून मी रूट चालू-बंद करायचो. चार वर्षं आम्ही असे शेजारी होतो.

तो हिंगणघाटचा, मी ठाण्याचा. माझ्या बोलण्याला तो "रेडिओवरच्या बातम्या" म्हणायचा आणि मी त्याच्या "करून राहिलो, जाऊन राहिलो"ची नक्कल करायचो. स्वभावानं मात्र तो एकदम सरळसोट, काहीसा चक्रमच म्हणा ना. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील, ज्यांना आपल्या कामापलीकडे काही दिसत नाही आणि म्हणून ज्यांच्यावर सगळं ऑफिस चालतं. एकदा भीमजयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही सगळी मराठी मंडळी हॉलमध्ये जमलो होतो. वक्ते बोलायला उभे राहिले आणि माइक किंचाळायला लागला. हा पहिल्या रांगेतून उठला, शांतपणे स्टेजवर गेला, स्पीकर दोन हात बाजूला सरकवला आणि परत येऊन बसला. वक्त्यांनी आभार मानले, तर म्हणतो कसा, "तुमच्यासाठी नाही केलं, मला सहन नव्हतं होत."

आणखी एक गंमत सांगतो. दर रविवारी तो आईशी तासभर बोलायचा, पण आमच्या कंपनीच्या कार्डावरून नाही. बुकित बातोकला तो राहायचा त्या इमारतीखालच्या दुकानातून तो दुसऱ्याच कंपनीचं कार्ड विकत घ्यायचा. मी एकदा हटकलं, तर म्हणाला, "आपलं कार्ड कोण घेते बे? मला माहीत आहे आत काय आहे ते."

रूट तपासायची त्याची पद्धत साधी होती. त्याच्याकडे अकरा नंबरांची यादी होती, सगळे ऑफिसातल्या लोकांच्या नात्यातले नाहीतर ओळखीतले. लातूरचा एक औषधवाला, इचलकरंजीचा फोनबूथवाला, असे. सकाळी साडेनऊला, म्हणजे तिकडच्या सातला, तो एकेकाला फोन लावायचा. पलीकडच्यानं एक ते दहा आकडे मोजायचे आणि फोन ठेवायचा. आवाज घुमतो का, उशिरा येतो का, मध्येच तुटतो का, ते आकड्यांवरून कळतं. अर्ध्या मिनिटात फोन संपलाच पाहिजे, हा नियमही त्याचाच.

यादीत पहिला नंबर त्याच्या आईचा.

ती अंगणवाडीतून निवृत्त झालेली. आयुष्यभर पोरांकडून आकडे म्हणवून घेतलेले, त्यामुळे तिच्याइतकं स्पष्ट कुणी मोजत नसे. पण फक्त आकड्यांवर भागेल ती आई कसली! "एक, दोन, तीन, शेवग्याला शेंगा आल्या, चार, पाच, जेवला का, सहा." तो कडक आवाजात म्हणायचा, "माय, फक्त आकडे." ती म्हणायची, "बरं बापू. सात, आठ, कमलचं लग्न ठरलं, नऊ, दहा. जयभीम." आणि फोन ठेवायची. कधी कधी ती सातपर्यंत धावत सुटायची आणि वाचलेल्या वेळात गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगून टाकायची. त्याचा हात वरच असायचा, चेहरा मठ्ठ. पण कमलचं लग्न, शेवग्याच्या शेंगा, नळाचं पाणी हे सगळं मलाही रोज कळायचं, कारण फोन स्पीकरवर असायचा. मी त्या बाईंना कधी पाहिलं नाही. तरी त्यांच्या घरात काय चाललंय ते मला माझ्या घरच्यापेक्षा जास्त ठाऊक असे.

नंतर घरोघरी ब्रॉडबँड आलं. बिशानला माझ्या फ्लॅटमध्येही आलं. लोक कॉम्प्युटरवरून फुकटात बोलायला लागले आणि आमची कार्डं दुकानात पडून राहू लागली. मॅडम रोज जास्त स्वस्त रूट आणायच्या आणि विचारायच्या, "हाऊ? कॅन यूज ऑर नॉट?" ते रूट असे भिकार की आवाज मध्येच गायब व्हायचा, एकाला ऐकू यायचं आणि दुसऱ्याला नाही. दिवसातून दहा वेळा हे व्हायचं. शांतता ऐकायची आम्हाला सवय झाली. फोन एंगेज लागला की उलट बरं वाटायचं, कारण तार शाबूत आहे एवढं तरी नक्की कळायचं. "एंगेज म्हणजे घरात माणूस आहे," असं तो म्हणायचा, आणि आम्ही सगळेच म्हणायला लागलो.

त्या दिवशी मॅडमना चालणाऱ्या रूटांची यादी दहाच्या आत हवी होती. त्यानं पहिला फोन लावला. आईनं उचलला. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." पुढे काही नाही. त्यानं हात वरच ठेवला.

"सहानंतर गेली," तो म्हणाला.

"एकदम?"

"टक्क झालं आणि गेली. माय? माय, आयकू येते का?"

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो, "आवाज एकतर्फी झाला असेल. नवाच रूट आहे तो. पुढचा लाव."

त्यानं तरी दुसऱ्या रूटनं पुन्हा आईचाच नंबर लावला. एंगेज.

"बघ," मी म्हणालो, "बोलतेय कुणाशी तरी."

"हो, मावशीचा फोन येते या वेळेला," तो म्हणाला. त्यानं रूट नादुरुस्त असल्याची तक्रार नोंदवली, मी तो रूट बंद केला, आणि तो लातूरच्या औषधवाल्याकडे वळला.

साडेअकराला त्याच्या आईच्या शेजारणीचा फोन आला. आई फोनच्या स्टुलाशी पडलेली होती. रिसीव्हर खाली लोंबत होता, म्हणून लाइन एंगेज. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि हा विमानात असतानाच ती गेली. डॉक्टर त्याला म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. हे त्यानं मला नंतर सांगितलं, बसचा नंबर सांगावा तशा आवाजात.

खरं सांगतो, मला तेव्हा काहीच वाटलं नाही. रडू नाही, भीती नाही. तो नव्हता तितके दिवस मी त्याच्या यादीतले उरलेले दहा नंबर लावले आणि आकडे ऐकले. सहा आला की सात ऐकू येईपर्यंत मी कशालाच हात लावायचो नाही, एवढंच.

जलदान विधी आटोपून तो परत आला, आणि महिन्याभरात राजीनामा देऊन कायमचा गेला. कुणी म्हणतं नागपूरला आहे, कुणी म्हणतं दुबईला. मी शोध घेतला नाही. कंपनीही पुढे बंद पडली. पण मला सांगायचं आहे ते तो परतला त्या पहिल्या सकाळचं.

त्यानं नोंदवलेल्या तक्रारीचं उत्तर तो नसताना आलं होतं. रूट ज्यांचा होता, त्यांनी लिहिलं होतं: "रूट सर्व बाजूंनी तपासला. दोष आढळला नाही. कृपया तक्रार बंद करावी." नोंदवणाऱ्यानंच ती बंद करायची, असा नियम होता. माझ्याकडे त्याचा पासवर्ड होता. मी ती गुपचूप बंद करू शकलो असतो. रोज ती ओळ स्क्रीनवर दिसायची आणि रोज मी खाली सरकायचो.

तो आला, बसला. त्यानं उत्तर उघडलं आणि वाचलं. परत वरपासून वाचलं.

"रूट चांगला होता," तो म्हणाला.



तक्रार बंद करताना कारण निवडावं लागायचं. चार कारणं होती: रूटचा दोष, यंत्राचा दोष, ग्राहकाकडचा दोष, चाचणी करणाऱ्याची चूक. त्यानं चौथं निवडलं. मग चाचणी करणाऱ्याचं नाव विचारणारी चौकट आली. त्यानं एकेक अक्षर दाबत आपलं नाव लिहिलं.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. "पुढचा लाव" असं मी म्हणालो होतो. "बघ, बोलतेय कुणाशी तरी" असंही मीच म्हणालो होतो, आणि ते ऐकून तो थांबला होता. हे मला तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की ती चूक माझी होती, निदान माझीही होती. तोंड उघडलं तेव्हा वाटलंही की आता म्हणेन.

"खाली कॉफी प्यायला येतोस?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं स्क्रीन बंद केला आणि म्हणाला, "चाल."