कबुलीतलं माझं वाक्य

हेडक्लार्कने अर्ज दोन्ही हातांत धरला, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचायला लागला. एक वाक्य इंग्रजीत, मग शिपायांनाही कळावं म्हणून तेच मराठीत. "सदर जागा रिकामी असूनही ती भरण्यात विलंब होत असल्याचे निदर्शनास आले आहे." टेबलांवरची डोकी वर झाली. "विलंबाबाबत खुलासा करावा." कोणीतरी हसलं. "आणि कार्यवाही करून सात दिवसांत कळवावे." मग सगळेच हसले.

त्याने कागद उलटा करून कचेरीला दाखवला. खाली सहीच्या जागी निळा अंगठा होता. तो माझ्या थोरल्या भावाचा, धुळादाचा. बारामतीच्या त्या कचेरीत तो सहा वर्षं शिपाई होता आणि अजून कायम झाला नव्हता. पाण्याचा तांब्या घेऊन तो दाराशी उभा होता. सगळे हसले तसा तोही हसला. त्याला वाटलं, अर्ज आवडला.

अर्ज मी लिहिला होता. लिहिणाऱ्याला घेऊन ये, असा निरोप होता म्हणून मी वरकुट्याहून आलो होतो. हेडक्लार्क माझ्याकडे वळला.

"मेंढरांनाही असंच सांगता का रे घरी? सात दिवसांत कळवा म्हणून?"

मी खाली बघत राहिलो. मला काय चुकलं तेच कळलं नव्हतं. व्याकरण तर बरोबर होतं.

खात्याचं नाव लिहीत नाही. ते टेबल सगळ्याच खात्यांत होतं. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी मॅट्रिक झालो होतो आणि गावच्या शाळेत मास्तर होतो. आमच्या घरात मेंढरं होती तोवर कोणी पाटी पाहिली नव्हती. कळप मोडला, धुळादा नोकरीला लागला आणि त्याच्या पगारावर मी शिकलो. मला पुढे कारकुनाची परीक्षा द्यायची होती. तिच्यात इंग्रजीचे पेपर होते. निबंध, सारांश आणि मसुदा. शाळेत शिकवलेलं इंग्रजी तिथे पुरणार नव्हतं. वाचता येणं निराळं आणि लिहिता येणं निराळं. लिहिलेलं तपासायला कोणी लागतं. वरकुट्यात कोण तपासणार?

धुळादाने वाट काढली. कचेरीत मसुदा असा व्हायचा: कारकून कागदाचा अर्धा समास सोडून लिहायचा, हेडक्लार्क पेन्सिलीने खोडायचा, शेवटी साहेब तांबड्या शाईने दुरुस्त करायचा. ज्या मसुद्याची वाट लागायची तो नव्याने लिहिला जाई आणि जुना टोपलीत जाई. शनिवारी अर्धी सुट्टी झाली की कचेरीमागे टोपली जाळायचं काम धुळादाचं. तो सगळे कागद जाळत नसे. काही घडी करून बंडीत घालायचा आणि एस.टी.ने गावी आणायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. ज्याच्यावर तांबडं जास्त तो कागद जास्त चांगला, अशी त्याची समजूत. दारातूनच सांगायचा, "आज लई तांबडं गावलंय."

आणि खरंच, त्याची निवड क्वचितच चुकली. मी साहेबाच्या दुरुस्त्या पाटीने झाकायचो. कारकुनाचा मसुदा वाचायचो आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः दुरुस्त करून लिहायचो. मग पाटी काढायची. साहेबाने कुठे खोडलं, कुठे जोडलं, दोन वाक्यांचं एक का केलं, ते बघायचं. असा एकेक कागद आठवडाभर पुरवायचो. अडलेल्या शब्दांची चिठ्ठी करायची आणि महिन्यातून एकदा बारामतीच्या वाचनालयात जाऊन शब्दकोशात ते शब्द बघायचे. तीन वर्षं मी हे केलं. ज्याला मी कधी पाहिलं नाही तो साहेब माझा मास्तर होता.

पण त्या मास्तराचं इंग्रजी वरून खाली येणारं होतं. त्यात हुकूम होते, ताकीद होती, विचारणा होती. विनंती कशी करतात ते त्या कागदांत नव्हतं. ज्या अर्जांत विनंती असे ते टोपलीत कशाला येतील? मला विलंबाचा खुलासा मागता येत होता. आईला ताप आलाय, घरात दाणा नाही, हे मला इंग्रजीत लिहिता आलं नसतं. शिपायाची एक जागा कायम होणार असं कळलं तेव्हा धुळादा म्हणाला, "विंग्रजीत लिव. मराठी अर्ज हेडक्लार्कच्या टेबलावर ऱ्हातोय, विंग्रजी सायबाकडं जातोय." मी मला येत होतं ते लिहिलं. शिपायाने साहेबाकडे खुलासा मागितला.

तेवढ्यावर भागलं असतं. कचेरी चार दिवस हसली असती. पण हेडक्लार्कने विचारलं, "हे इंग्रजी कुठं शिकलास?" धुळादाला राहवलं नाही. तांब्या खाली ठेवून तो पुढे आला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. पोराला शाळेत बक्षीस मिळाल्यावर बापाचा असावा तसा.

"सायेब, हितल्याच कागदावरनं शिकलाय त्यो. मी जाळायचं कागद न्हेऊन देतुया. तीन वर्सं झाली."

हसणं थांबलं. हेडक्लार्कने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्याने आम्हाला आतल्या खोलीत नेलं. आवाज चढवला नाही. सरकारी कागद बाहेर जाणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पोलिसांचं नाव घेतलं, मग तेच नाव माघारी घेतलं. म्हणाला, मी तुमच्याच भल्याचं सांगतो. साहेब दयाळू आहेत, माफी मागितली की मिटलं. माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि इंग्रजीत सांगायला लागला.

मी लिहू लागलो. मी, अमुक शिपाई, कबूल करतो की मी वेळोवेळी सरकारी कागदपत्रे परवानगीवाचून कचेरीबाहेर नेली. शब्द मला सगळे कळत होते. हे कागद जाळायचे होते, हे त्यात कुठे नव्हतं. नेले कशासाठी, तेही नव्हतं. मला कळत होतं की यात माफी थोडी आहे आणि कबुली सगळी. धुळादा माझ्या मागे उभा होता आणि त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. माझा हात थांबला नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी बरीच वर्षं लिहिलं नाही. हेडक्लार्कचं तिसरं वाक्य विस्कळीत होतं. 'वेळोवेळी' एका टोकाला, 'हेतुपुरस्सर' दुसऱ्या टोकाला. सवयीने मी ते नीट केलं. दोन तुकडे जोडून घट्ट एक वाक्य केलं, साहेबाने केलं असतं तसं. हेडक्लार्कने कागद वाचला. त्या वाक्यापाशी थांबला. पुन्हा वाचलं.

"शाबास," तो म्हणाला.

तीन वर्षांत माझ्या इंग्रजीला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं. क्षणभर का होईना, वाटलं. मग धुळादाचा अंगठा शाईत बुडवला गेला.

पंधरा दिवसांनी त्याला चोरीच्या कारणाने कामावरून काढल्याचा हुकूम आला. कायम करायचं राहिलंच, होती ती नोकरीही गेली. हुकूम इंग्रजीत होता. धुळादा तो घेऊन गावी आला आणि माझ्यापुढे धरला. त्यात त्याची कबुली उतरवली होती, आणि त्या कबुलीतलं माझं वाक्य जसंच्या तसं होतं. एकही शब्द कोणाला बदलावा लागला नव्हता.

"काय लिवलंय?" त्याने विचारलं.

"काम संपलं म्हणून लिहिलंय," मी म्हणालो.

"चोरी न्हाय ना लिवली?"

"नाही."

त्याने कागद घडी करून देवळीत ठेवला. चोरी लिहिली नाही एवढ्यावर त्याचं समाधान झालं. पुढे तो कारखान्याच्या ऊसतोडीला जाऊ लागला. दुसऱ्या हंगामात, थंडीत, फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत त्याच्या छातीत कफ झाला आणि चार दिवसांत तो गेला. कचेरीने त्याला मारलं असं मी म्हणत नाही. थंडीने बरीच माणसं जातात. मी एवढंच म्हणतो की त्या थंडीत तो तिथे माझ्या वाक्यामुळे होता.

त्यानंतर कित्येक महिने मी इंग्रजीची ओळ लिहिली नाही. मग वाचनालयात एकदा इंग्रजी वर्तमानपत्र चाळताना वाचकांच्या पत्रांवर नजर थांबली. कुणा एकाने लिहिलं होतं, आमच्या रस्त्यावरचा पूल खचला आहे, तो अमक्याने बांधला, अमक्याने पाहून मंजूर केला, जबाबदार कोण? खाली नाव आणि गाव. हात जोडलेले नव्हते आणि ताकीदही नव्हती. एक माणूस दुसऱ्या माणसाला विचारत होता. इंग्रजीत असंही लिहितात हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी मी एक पत्र उतरवून घेऊ लागलो. मग तसंच एक पत्र स्वतः लिहायचं, आठवडाभरात डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं. एकच अट घातली. कोणी केलं ते लिहायचं. कचेरीच्या इंग्रजीत 'निदर्शनास आले' असतं, कोणाच्या ते नसतं. ती सवय मोडायला दोन वर्षं लागली.

परीक्षा पास झालो. नेमणूक त्याच कचेरीत निघाली. वहिनी आणि धुळादाची दोन पोरं माझ्यावर होती. मी गेलो. पहिल्या दिवशी हेडक्लार्कने मला खुर्ची दाखवली आणि हळू आवाजात सांगितलं की माझी शिफारस त्यानेच केली. म्हणाला, "तुझं ते वाक्य माझ्या लक्षात होतं."

मी खुर्चीवर बसलो. हेही लिहायलाच हवं.

गेल्या महिन्यात सरकारी झाडांचा म्हातारा राखणदार माझ्या टेबलापाशी आणला गेला. त्यांना सगळे तात्या म्हणतात. शेळ्यांनी रोपं खाल्ली होती. हेडक्लार्कने सांगितलं, ड्युटीवर झोपल्याची कबुली इंग्रजीत लिहून घे, तुझा हात चांगला आहे, अंगठा मी घेतो. आणि तो आत गेला.

मी कागद घेतला. मग तात्यांना बसायला सांगितलं. ते खाली बसायला लागले तेव्हा मी स्टूल ओढून दिलं.

"तात्या, काय झालं ते तुम्ही सांगा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "मी काय सांगू? तुमीच लिवा काय लिवायचं त्ये."

"तुम्ही सांगाल तेवढंच लिहीन."

मग हळू आवाजात बोलले. "म्या झोपलो न्हाय. कुंपनाला तारच न्हाय. ठेकेदारानं खांब रोवलं आन् गेला. आन् शेळ्या बी त्याच्याच हायत, कुनाला सांगू?"

ते मी इंग्रजीत लिहिलं. पाच वाक्यं झाली. एकेक वाक्य मराठीत वाचून दाखवलं. पाचव्यानंतर ते म्हणाले, "व्हय, ह्ये माजं हाय." आणि स्वतःच शाईच्या डबीकडे हात नेला.

हेडक्लार्कने कागद वाचला. "हे काय आहे?"

"तात्यांचं म्हणणं."

"मी सांगितलं ते कुठंय?"

"ते तुमचं म्हणणं आहे. तुम्ही लिहा आणि खाली तुमची सही करा."

कचेरीत टाइपरायटर वाजत होता, तो थांबला. या वेळी कोणी हसलं नाही. हेडक्लार्क एवढंच म्हणाला, "भावाचं विसरलास वाटतं." मी म्हणालो, नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मेमो आला. वरिष्ठांच्या आज्ञेचा भंग. लेखी माफी मागावी, अन्यथा नोकरीबाबत विचार करावा लागेल. मी खुलासा लिहिला. त्यात दोनच गोष्टी आहेत. मी तात्यांच्या नावाने खोटं लिहिलं नाही आणि त्याबद्दल माफी मागणार नाही. आणि पूर्वी याच कचेरीत माझ्या भावाच्या नावाने जी कबुली घेतली ती खोटी आहे, कारण ते कागद जाळायचे होते हे तिच्यात लिहू दिलं नाही. ती हेडक्लार्कने सांगितली, मी लिहिली, त्यातलं एक वाक्य माझं स्वतःचं आहे, आणि ज्याचा अंगठा आहे त्याला ती कोणी वाचून दाखवली नाही.

पाठवण्याआधी गावी गेलो आणि वहिनीला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"त्यास्नी ठावं हुतं का?"

"नाही. मी खोटं सांगितलं."

तव्यावरची भाकरी तिने उलटली. मग म्हणाली, "तवाच लिवायचं हुतं, भावजी."



खुलासा साहेबाच्या नावाने रजिस्टर पोस्टाने गेला आहे. नोकरी जाईल असं धरून चाललो आहे. शाळेत परत घेतलं तर मास्तरकी करीन, नाही घेतलं तर कोयता उचलीन. दुसरा कागद वरच्या कचेरीसाठी लिहून ठेवला आहे, आणि तिथून उत्तर आलं नाही तर तिच्याही वरच्या कचेरीसाठी लिहीन. धुळादाच्या नावापुढची चोरी सरकार आपल्या हाताने खोडेल तोवर लिहीत राहीन. आणि माझ्या हातून माफीचा कागद आता कोणाला मिळणार नाही. दुसऱ्याच्या नावाने नाही आणि माझ्या नावानेही नाही.