बर्फाच्या डब्याशी बोलणारा

डोळ्याच्या आतलं पाणी तपासणीसाठी सुईने काढणार म्हटल्यावर मी अकोल्याच्या दवाखान्यातून पळालो होतो, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आतली सूज विषाणूमुळे आहे का, हे त्या थेंबावरूनच कळणार होतं. नाहीतर डोळा जायचा.

त्या दवाखान्यातले नमुने अमरावतीच्या लॅबमध्ये नेणारा एक माणूस आहे, तो सदा आपल्या बर्फाच्या डब्याशी बोलतो. चहाच्या टपरीवर मला गाठून तो डब्यालाच म्हणाला, "थंड राय बाप्पा, सर भिऊन राहिले." मग त्याने मला आत नेलं आणि सुई निघेपर्यंत माझा हात सोडला नाही.

मी मधेच कुठे गेलो होतो, असं बाहेर माझ्या बायकोने विचारलं, तर तोच म्हणाला, "सर माह्यासंग बर्फ आणाले आलते, वहिनी."

विषाणूच निघाला, औषध बदललं, डोळा वाचला. बायको अजून चारचौघांत माझ्या धीराचं कौतुक करते. ते कौतुक त्याचं आहे, आणि मी ते अजून त्याला दिलेलं नाही.